परवान्याचे इंजिन: व्हर्नाँ ते रसायनी

#थ्रेड #इतिहास #नवीमुंबई

दिवा-रोहा मार्गावरच्या गाडीत बसून पनवेल सोडले की सोमाटणे लागते आणि त्यापुढचे स्थानक येते रसायनी. नावावरूनच कळते की ही वस्ती कारखान्यांनी वसवली. पाताळगंगेच्या काठचा हा पट्टा. नवी मुंबईतल्या अनेकांना तो माहीत असतो तो कोणी काका किंवा शेजारी तिथे नोकरीला होते म्हणून. त्या पट्ट्यातल्या एका सरकारी कारखान्याचा फ्रान्समधल्या सीन नदीकाठच्या एका गावाशी आणि आता इतिहासजमा झालेल्या एका युरोपीय रॉकेटशी जवळचा संबंध आहे. आजचा थ्रेड त्या संबंधाविषयी. थोडा लांबला आहे, सवडीने वाचा.

मित्रहो, आरंभी एक प्रश्न. एखाद्या देशाने दुसऱ्या देशाच्या रॉकेटचा परवाना घेतला, म्हणजे त्याच्या हाती नेमके काय येते? नकाशे येतात, मापे येतात, धातूंची यादी येते. पण भोक अमुक मिलिमीटरचेच का, वेल्डिंग याच क्रमाने का, हे त्या कागदांवर लिहिलेले असतेच असे नाही. हा ‘का’ ज्याला कळला त्याला इंजिन कळले, असे म्हणता येईल. १९७० च्या दशकात आशियातल्या दोन देशांनी हा ‘का’ मिळवण्याचा प्रयत्न दोन निरनिराळ्या वाटांनी केला. त्यांपैकी एक जपान, दुसरा भारत.

आधी जपान, कारण ‘परवान्यावर बांधलेले उपग्रह प्रक्षेपक’ म्हटले की त्याचेच उदाहरण सर्वांत ठळक आहे. ११ फेब्रुवारी १९७० रोजी जपानने स्वतःच्या लहानशा घन इंधनाच्या रॉकेटने ‘ओसुमी’ हा पहिला उपग्रह कक्षेत पोचवला. परंतु दळणवळणाचे जड उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर न्यायचे तर द्रव इंधनाचे मोठे रॉकेट हवे होते. १९६९ च्या जुलैमध्ये अमेरिकेशी करार झाला आणि जपानने द्रव इंधनाचे स्वतःचे आराखडे बाजूला ठेवून अमेरिकेच्या थॉर-डेल्टा रॉकेटवर आधारलेले ‘एन-१’ बांधायला घेतले. पहिला टप्पा परवान्यावर, तिसरा टप्पा थेट अमेरिकेतून विकत, मधला टप्पा अमेरिकी साहाय्याने घरी घडवलेला. ९ सप्टेंबर १९७५ रोजी तानेगाशिमा बेटावरून ते प्रथम उडाले. १९८२ पर्यंत त्याची सात उड्डाणे झाली आणि ते निवृत्त झाले.

रॉकेट चांगले होते. अडचण कराराच्या अटींमध्ये होती. हे तंत्रज्ञान जपानने तिसऱ्या देशाला द्यायचे नाही; तिसऱ्या देशाचा उपग्रह सोडायचा तर अमेरिकेची संमती घ्यायची. काही भाग तर बंद पेटीसारखे आले, बसवायचे पण उघडायचे नाहीत. शिवाय एन-१ ची ताकद इतकी मर्यादित होती की भूस्थिर कक्षेत ते जेमतेम १३० किलो वजन नेऊ शके. त्यामुळे १९७७-७८ मध्ये ‘हिमावारी’, ‘साकुरा’ आणि ‘युरी’ हे जपानचे महत्त्वाचे उपग्रह अमेरिकेत जाऊन, डेल्टा रॉकेटवरच चढले. ज्या डेल्टाचा परवाना घेतला, त्याच डेल्टाचे भाडेही भरले!

जपानला हसण्याचे कारण नाही, हे इथेच नमूद करतो. एन-१ नंतर एन-२, मग एच-१ अशी पायरी पायरीने त्यांनी परकी भाग काढून टाकले आणि ४ फेब्रुवारी १९९४ रोजी संपूर्ण स्वदेशी एच-२ उडवले. परवान्याच्या शिडीवरून ते वर चढले, पण त्या चढणीला २५ वर्षे लागली.

हाच डेल्टा युरोपच्या कथेतही आडवा येतो. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने मिळून ‘सिम्फनी’ नावाचे दळणवळण उपग्रह बांधले होते. युरोपचे स्वतःचे ‘युरोपा’ रॉकेट एकामागून एक अपयशांनंतर गुंडाळावे लागले होते. म्हणून प्रक्षेपणासाठी अमेरिकेकडे जावे लागले. अमेरिकेने होकार दिला, पण या उपग्रहांचा व्यापारी वापर करायचा नाही, ते प्रायोगिकच राहतील, या अटीवर. १९७४ च्या डिसेंबरात पहिला सिम्फनी डेल्टावरून गेला. (याच सिम्फनीचा वापर पुढे १९७७ ते १९७९ या काळात भारताने आपल्या दूरसंचार प्रयोगांसाठी केला.) ही अट फ्रान्सच्या मनाला फार लागली. स्वतःचे रॉकेट हवेच, या निर्धारातून १९७३ मध्ये ‘आरियान’ प्रकल्प मंजूर झाला होता. सिम्फनीच्या अनुभवाने तो निर्धार पक्का केला.

आरियानच्या पहिल्या दोन टप्प्यांचे इंजिन होते ‘व्हायकिंग’. ते एसईपी ही फ्रेंच कंपनी नॉर्मंडीतल्या व्हर्नाँ या गावी घडवत होती. चित्रकार मोने यांची प्रसिद्ध बाग असलेले जिव्हर्नी हे खेडे तिथून नदीपलीकडे. अशा रम्य जागी जगातल्या अत्यंत विषारी रसायनांवर चालणारी इंजिने पेटवून पाहिली जात. फ्रान्सकडे महत्त्वाकांक्षा होती. मनुष्यबळ आणि पैसा मात्र हात राखून खर्च करावा लागत होता.

आणि इकडे भारतात? अंतराळ-संशोधनाचे बाळपण मुंबईच्या अणुऊर्जा विभागाच्या छायेत गेले; वाशीच्या पुलावरून खाडीपलीकडे तुर्भ्याच्या टेकडीपायथ्याशी जे अणुसंशोधन केंद्र दिसते, त्याचाच तो विभाग. फ्रान्सशी ओळखही जुनी होती. ‘सेंटॉर’ या फ्रेंच परिज्ञापी रॉकेटचा परवाना भारताने १९६० च्या दशकातच घेतला होता. परिज्ञापी रॉकेट म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरांत जाऊन, मापे घेऊन खाली येणारे. ते उपग्रह सोडत नाही. सेंटॉरमुळे घन इंधनाची हातोटी आली. तीच पुढे एसएलव्ही-३ मध्ये उपयोगी पडली. १८ जुलै १९८० रोजी त्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला. पण एसएलव्ही-३ ची झेप सुमारे ४० किलोची होती. टनांत वजन मोजायचे असेल, तर द्रव इंधनाचे मोठे इंजिन अपरिहार्य होते आणि त्या विद्येत आपण नवशिके होतो.

१९७४ मध्ये इस्रो आणि एसईपी यांच्यात जो करार झाला, तो वाचून आजच्या खरेदी-विक्रीच्या सवयीला धक्का बसतो. व्हायकिंगचे तंत्रज्ञान भारताला मिळणार. मोबदला रोख रकमेऐवजी श्रमाचा. भारतीय अभियंते व्हर्नाँमध्ये जाऊन आरियानच्या कामात एकूण शंभर मनुष्य-वर्षे खपणार. वीस जणांनी पाच वर्षे राबावे, असा त्याचा ढोबळ हिशेब. शिवाय आरियानसाठी लागणारे हजारो दाब-संवेदक भारतात बनवून द्यायचे. म्हणजे आपण गुरुगृही राहून लाकडे फोडायची आणि विद्या घ्यायची, असा जवळजवळ जुन्या वळणाचा व्यवहार! या तुकडीचे नेतृत्व नंबी नारायणन यांच्याकडे होते.

माझ्या मते या करारातील सर्वांत मौल्यवान कलम तंत्रज्ञान-हस्तांतराचे नव्हते, त्या शंभर मनुष्य-वर्षांचे होते. फ्रेंचांना ती स्वस्त मजुरी वाटली असेल. आपल्यासाठी तो इंजिनाच्या पोटात शिरण्याचा परवाना होता. नकाशे पेटीत बंद होऊन येऊ शकतात. चाचणीत इंजिन फुटल्यावर टेबलाभोवती बसून ‘असे का झाले?’ असा वाद घालण्याची संधी पेटीत येत नाही.

हा वाद किती खोल होता, हे २३ मे १९८० रोजी जगाला दिसले. २४ डिसेंबर १९७९ च्या पहिल्या यशस्वी उड्डाणानंतर दुसरे आरियान फ्रेंच गयानातल्या कुरू येथून निघाले. तळाशी चार व्हायकिंग. त्यांतल्या एकाच्या ज्वलनकक्षात काही क्षणांतच दाबाची तीव्र थरथर सुरू झाली. मंडपात माइक चुकून स्पीकरसमोर गेला की जी कर्णकर्कश शिट्टी उठते, ती आठवा. आवाज आवाजाला खतपाणी घालतो आणि क्षणात असह्य होतो. इंजिनातही ज्वालेची थरथर दाबाला आणि दाबाची थरथर ज्वालेला फुगवत नेते. मंडपात माइक बाजूला करता येतो. इथे इंजिन गेले, पाठोपाठ रॉकेट आणि त्यावरचे उपग्रह अटलांटिकमध्ये गेले.

म्हणजे ज्यांनी इंजिन घडवले, त्यांनाही ते पुरते कळलेले नव्हते. पुढचे वर्षभर चाचण्या चालल्या. इंधन ज्या सूक्ष्म भोकांतून कक्षात फवारले जाते, त्या भागात बदल झाले. कालांतराने इंधनही बदलले: शुद्ध यूडीएमएचऐवजी त्यात पाव हिस्सा हायड्रेझिन हायड्रेट मिसळलेले ‘यूएच-२५’ आले. भारतानेही पुढे जीएसएलव्हीच्या आणि एलव्हीएम-३ च्या इंजिनांसाठी हेच मिश्रण स्वीकारले.

या दुरुस्तीनंतरचे पहिले, म्हणजे तिसरे आरियान १९ जून १९८१ रोजी उडणार होते. ज्याचे आधीचे भावंड वर्षभरापूर्वीच समुद्रात पडले, अशा रॉकेटवर आपला उपग्रह कोण ठेवील? भारताने ठेवला. त्याचे नाव ‘अॅपल’. बैलगाडीवर ठेवलेल्या चकचकीत उपग्रहाचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र तुम्ही पाहिले असेल, तो हाच. (गाडी गरिबीमुळे वापरलेली नव्हती. अँटेनाच्या चाचणीसाठी धातूचा अडथळा नसलेला लाकडी मंच हवा होता. छायाचित्राचा गैरसमज मात्र अजून फिरतो आहे.) उड्डाण यशस्वी झाले. ज्या इंजिनाची विद्या आपण शिकत होतो, त्याच इंजिनाच्या जोरावर आपला उपग्रह वर गेला.

मात्र यानंतर आरियान वेगाने पुढे निघून गेले आणि आपली चाल मंदावली. नकाशे हाती होते. भाग घडवणार कुठे? त्या इंजिनाचा पंप मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेतो आणि सेकंदाला पाव टनाहून अधिक द्रव कक्षात ढकलतो. अशा कामासाठी लागणारे मिश्रधातू, वेल्डिंग आणि घट्ट मापे देशातल्या कारखान्यांना नवी होती. इथे मुंबई पुन्हा कथेत येते. विक्रोळीची गोदरेज, होय, ज्या नावाचे पोलादी कपाट अजूनही आपल्या आजीच्या खोलीत करकरत उघडते तीच, आणि हैदराबादची एमटार यांनी १९८० च्या दशकापासून हे काम अंगावर घेतले. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरने घन इंधनाच्या टप्प्यांची कवचे घडवली, ती गोष्ट स्वतंत्र थ्रेडची आहे.

भारतात घडवलेले इंजिन १९८५ मध्ये व्हर्नाँला नेऊन, गुरूच्याच अंगणात पेटवून पाहिले गेले. ते चालले. त्याचे नाव ‘विकास’. त्यात विक्रम साराभाईंच्या नावाची अक्षरे दडली आहेत, असे पुष्कळजण सांगतात. पुढे तमिळनाडूतल्या महेंद्रगिरी येथे आपली चाचणीस्थळे उभी राहिली. २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात ‘विकास’ प्रथम आकाशात पेटले. ते उड्डाण फसले, पण दोष या इंजिनाचा नव्हता. १५ ऑक्टोबर १९९४ चे पुढचे उड्डाण यशस्वी झाले. करारापासून पहिल्या यशापर्यंत २० वर्षे. जपानच्या चढणीला २५ वर्षे लागली असे वर म्हटले होते. आपले घड्याळ फार वेगळे चालले नव्हते.

१९९४ हे साल आणखी एका कारणाने लक्षात राहते. नोव्हेंबरअखेर नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. सीबीआयने १९९६ मध्ये आरोप निराधार ठरवले, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. यावर चित्रपटही निघाला, म्हणून अधिक लिहीत नाही.

परवाना मिळाला म्हणजे चूक संपली, असे मात्र नाही. १० जुलै २००६ रोजी इन्सॅट-४सी घेऊन निघालेल्या जीएसएलव्हीच्या चार बाजूच्या इंजिनांपैकी एकाचा जोर सुरुवातीलाच गेला. रॉकेट कलले आणि बंगालच्या उपसागरावर नष्ट झाले. चौकशीत दोष सापडला तो जोर नियंत्रित करणाऱ्या एका छोट्या भागात: घडवताना झालेली चूक तपासणीतून निसटली होती. आराखडा निर्दोष, एक सुटा भाग सदोष. नकाशा आणि हात यांच्यातले अंतर याहून स्पष्ट कसे दाखवावे?

आता थ्रेडच्या सुरुवातीकडे, रसायनीला जाऊ.

विकास इंजिन दोन द्रवांवर चालते. एक इंधन, दुसरा त्याला जाळणारा नायट्रोजन टेट्रॉक्साइड. दोन्ही एकमेकांना स्पर्शताच पेट घेतात, ठिणगी लागत नाही. पैकी इंधन आंध्र प्रदेशातल्या तणुकू येथील आंध्र शुगर्स ही, नावावरून साखर वाटणारी, कंपनी बनवते. आणि टेट्रॉक्साइड? ते बनत होते हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स, म्हणजे एचओसीच्या रसायनीच्या कारखान्यात. लालसर तपकिरी, श्वासात गेले तर जीवघेणे आणि २१ अंश सेल्सिअसलाच उकळू लागणारे हे द्रव्य. पनवेल परिसरातला वैशाख आठवा. इथे हे द्रव्य द्रवरूपात सांभाळणे म्हणजे वर्षभर उकळत्या भांड्यावर झाकण धरून बसणे. पीएसएलव्हीच्या एकेका दुसऱ्या टप्प्यात सुमारे ४० टन द्रव भरले जाते आणि अडीच मिनिटांत संपते. त्यातला मोठा वाटा या टेट्रॉक्साइडचा.

एचओसी १९६० साली स्थापन झालेला केंद्र सरकारचा उपक्रम. रंग, औषधे, रबर यांना लागणारी मूलभूत रसायने देशात बनावीत, हा त्याचा हेतू. रॉकेट हे त्याच्या मूळ हिशेबात कुठेच नव्हते. पुढे आयात खुली झाली, स्वस्त मालापुढे जुन्या यंत्रांचा टिकाव लागेना, तोटा साचत गेला, पगार रखडले. अखेर मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे कामकाज बंद करण्याचा निर्णय घेतला. जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमला विकायचे ठरले.

सगळे बंद, एक विभाग सोडून. टेट्रॉक्साइडचा विभाग सुमारे २० एकर जागेसह इस्रोकडे द्यायचे ठरले, कारण देशात ते बनवणारा दुसरा कोणी नव्हता. तीनच महिन्यांपूर्वी, १५ फेब्रुवारी २०१७ रोजी, पीएसएलव्हीने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडून जगाला थक्क केले होते. वर्तमानपत्रांची पहिली पाने त्या आकड्याने भरली. त्या रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्याला लागणारे द्रव्य देशात जिथे तयार होई, तो कारखाना त्याच सुमारास कुलपाची वाट पाहत होता.

ज्या इंजिनासाठी शंभर मनुष्य-वर्षे दिली, ज्याचा एकेक भाग विक्रोळीत आणि हैदराबादेत घडवायला शिकलो, ते एका तोट्यातल्या कारखान्याच्या ताळेबंदावर टांगलेले होते. विभाग वाचला, याचे समाधान आहे. पण रसायनीतल्या इतर विभागांतल्या कामगारांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद मिळाले, आणि त्यांच्या वाट्याला अंतराळ-गौरवाचे एकही वाक्य आले नाही, हे मला आजही खटकते. रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान मिळू नये म्हणून १९९३ मध्ये अमेरिकेने दबाव आणला, ते आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगू. रसायनीचा प्रसंग मात्र कुणी परक्याने आणलेला नव्हता.

व्हायकिंगचे पुढे काय झाले? आरियान-४ हे त्या घराण्यातले सर्वांत यशस्वी रॉकेट. त्याची ११६ उड्डाणे झाली आणि १५ फेब्रुवारी २००३ च्या शेवटच्या उड्डाणाबरोबर व्हायकिंगही निवृत्त झाले. आरियान-५ वेगळ्या इंजिनांवर गेले. त्यामुळे व्हायकिंग आता संग्रहालयांत उभे आहे. त्याचे भारतीय रूप मात्र निवृत्त झालेले नाही. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन एलव्हीएम-३ निघाले, तेव्हा त्याच्या मधल्या टप्प्यात दोन ‘विकास’ शेजारी शेजारी पेटले होते.

थ्रेड इथे थांबवतो. पनवेल, मोहोपाडा, खोपोली भागातल्या वाचकांना एक विनंती: घरात कोणी एचओसीत काम केलेले आजोबा, काका, मावशी असतील तर त्यांना तिथल्या कामाविषयी विचारा आणि जमल्यास खाली लिहा. नावे नकोत, फक्त काम कसे चालायचे ते सांगा. उन्हाळ्यात त्या टाक्या थंड कशा ठेवत असत, हे मला विशेष ऐकायचे आहे.